प्रवाळटाकीचे हूड व प्रकाशयोजना

समुद्री प्रवाळ पाळण्याच्या काचटाकीवर बसवायची लाकडी पेटी आणि तिच्या आत टांगलेले दिवे. शौकीन मंडळी या पेटीला ‘हूड’ किंवा ‘कॅनपी’ म्हणतात. टाकीच्या मापाचे तयार हूड मिळेलच असे नाही, म्हणून ते सुताराकडून करून घेतात. समुद्रापासून सुमारे ५०० किमी आत असलेल्या दिग्रससारख्या (जि. यवतमाळ) गावात त्याची रचना किनाऱ्यावरच्यापेक्षा वेगळी ठेवावी लागते.

प्रकाश : प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषते, निळा खोलवर पोचतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०० किमीवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ वाढते ते अशाच निळसर उजेडात. त्यामुळे दिव्यांत ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यावर भर असतो. रोज आठ-दहा तास पुरे. जास्त दिले तर काचेवर शेवाळ माजते. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भारतीय समुद्रातून ती काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. म्हणून पाळायला राहतात ती मऊ प्रवाळे, आणि त्यांना मध्यम उजेड चालतो. तेव्हा झगझगीत दिव्यांचा सोस बहुधा मालकाचाच असतो.

उष्णता : पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे, ३० च्या वर टिकून राहिल्यास शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. २५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा आठ तासांत दोन युनिट वीज खातो. ती सारी उष्णता पाण्यात उतरली, तर ती घालवायला सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ व्हावी लागेल. एलईडीला वीज कमी लागते आणि त्याची बरीचशी उष्णता पाठीवरच्या धातूच्या पंखांतून वर निघून जाते.

इथे विदर्भाचा कोरडा उन्हाळा कामी येतो. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक २३ च्या आसपास थांबतो. मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्क्यांत तो २८ च्या खाली येत नाही. वाफेने पाणी या आकड्याहून गार होत नाही. म्हणजे नुसत्या पंख्याने पाणी गार करणे दिग्रसला जमते, मुंबईला नाही. वाळ्याच्या कूलरचेच हे तत्त्व. त्यासाठी हूडची मागची बाजू उघडी सोडतात आणि पंख्याचा झोत दिव्यावर न मारता पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा नेतात. मात्र त्याच खोलीत कूलर लावला तर हवा आधीच ओली होते आणि पंखा नुसता फिरत राहतो. वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड पाण्याने करायची, कारण मीठ टाकीतच राहते.

बांधणी : यवतमाळचे सागवान चौकटीला उत्तम, फळ्यांना आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय. आतून पांढरा इपॉक्सी रंग दिल्याने लाकूड मिठापासून वाचते आणि उजेडही परत पाण्यावर पडतो. एलईडी पाण्यापासून २० ते २५ सेंमी वर टांगतात. जुन्या देवघराला मिरवणाऱ्या पितळी बिजागऱ्या इथे घातक, कारण गंजून थेंब पाण्यात पडले की त्यातले तांबे प्रवाळ आणि झिंगे मारते. म्हणून बिजागऱ्या नि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतात. वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती सोडतात, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न शिरता खाली गळतो. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

पावसाळ्यात हवा दमटते, पण ऊनही उतरलेले असते. अवघड असतात ते मृगाची पहिली सर पडून गेल्यानंतरचे चार-आठ दिवस : हवा ओली आणि ऊन तसेच. तेवढ्यापुरते दिवे चार तासांवर आणतात आणि तेही रात्री लावतात.