डेल्को उघड, मग बोलू: मिसिंग मारणाऱ्या इंजिनाची गोष्ट

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करूया: 'डेल्को'.

कणकवलीत हायवेच्या कडेला जुन्या पेट्रोल गाड्यांवर हात बसलेला एखादा मेस्त्री गाठा आणि सांगा, "गाडी मिसिंग मारते." गाडी पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० असेल, तर तो बहुतेक म्हणेल, "डेल्को उघडून बघूक व्हया." डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पण खरं सांगायचं तर डेल्को हे पार्टचं नाव नाहीच. ते एका कंपनीचं नाव आहे, आणि ती कंपनी अमेरिकेतल्या ओहायोमधली!

१९०९ साली डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. त्या नावातली इंग्रजी अक्षरं जोडून झालं डेल्को. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. केटरिंग यांनी त्यासाठी बॅटरीवर चालणारी पद्धत बसवली आणि कॅडिलॅक कंपनीने ती उचलली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तर हँडल न मारता गाडी चालू करणारा इलेक्ट्रिक स्टार्टरही आला. पुढे जगभरच्या गाड्या ठिणगीसाठी याच वाटेने गेल्या. कंपनीचं नाव आपल्याकडे गॅरेजमध्ये पार्टला चिकटलं आणि राहिलं.

आता मुंबईला येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडायला लागली आणि तिच्याच एका मॉडेलला १९७० च्या दशकात 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, ठिणगीचा क्रम १-३-४-२.

जरा हिशोब करा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला १००! हे सगळं काम डेल्कोतला एक छोटा 'पॉइंट' करायचा, तोही नुसता उघडझाप करून. उघडल्यावर त्याच्यातली फट अर्धा मिलिमीटरही नसते. पॉइंट उघडला की बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालणारी कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते, आणि आतला रोटर तो झटका पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो.

यातली एक ठिणगी जरी चुकली, तरी इंजिन झटका खातं. यालाच मिसिंग म्हणतात.

आता डोळ्यासमोर आणा १९८० च्या दशकातली गणपतीची धांदल. कोकण रेल्वे अजून नाही, ती पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये सुरू झाली. मुंबईहून गावाकडे यायचं तर एसटी, नाहीतर हायवेने गाडी. रात्रभर घाट, पाऊस, खड्डे. आणि कणकवलीच्या आसपास चाकरमान्याची फियाट थरथरायला लागते. मेस्त्री नुसता कान लावतो आणि म्हणतो, "ही तीन सिलिंडरार चालता."

त्याला कसं कळलं? हातात ना स्क्रीन, ना कोड. होती ती फक्त पद्धत, आणि ती पद्धतच आजची खरी गोष्ट आहे.

पहिला प्रश्न: एकच सिलिंडर मिस होतोय की सगळेच? आपल्या वाडीत पावसात लाईट जाते तेव्हा आपण काय करतो? आधी शेजारच्यांकडे डोकावतो. सगळ्या वाडीची गेली असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरकडे, फक्त आपली गेली असेल तर आपल्या घरच्या वायरीत. इंजिनाचंही तसंच. सगळे सिलिंडर अडखळत असतील तर डेल्कोच्या अलीकडचं बघा: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, नाहीतर पेट्रोल. एकच मिस होत असेल तर पलीकडचं: वायर, प्लग, किंवा तो सिलिंडरच.

दुसरा प्रश्न: नेमका कुठला? इंजिन चालू ठेवून मेस्त्री एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढायचा. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी अडखळतं. मेलेल्याची काढली की आवाजात काहीच फरक पडत नाही. म्हणजे फरक पडला नाही, तिथेच दोष.

तिसरा प्रश्न: का? त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याला लावायचा आणि शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर वायर. वायरही ठीक असेल तर डेल्कोची टोपी: आत ओल आहे का, बारीक तडा गेलाय का? पावसाळी हवेत करंट ओलीवरून भलतीकडे पळतो. काही जण अंधारात बोनेट उघडून बघत, वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसत. टोपी फडक्याने कोरडी केली की पुष्कळदा गाडी चालू! करंट सगळीकडे बरोबर असेल, तरच कॉम्प्रेशनकडे जायचं: व्हॉल्व जळालाय का, हेड गॅस्केट गेलंय का. आधी स्वस्त आणि सोपं, मग महाग. हा क्रम मोडला की गिऱ्हाईकाचा खिसा रिकामा आणि दोष जागच्या जागी.

मग काळ बदलला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे सिलिंडर तीनच, त्यामुळे एक मेला की गाडी आणखीच हलायची. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि पॉइंट-कंडेन्सरही हळूहळू गेले. अमेरिकेत १९९६ पासून कारचा कॉम्प्युटर मिसफायर स्वतः पकडायला लागला. आज स्कॅनर लावला की कोड येतो: पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

पण बघा, स्कॅनरने उत्तर दिलं ते दुसऱ्या प्रश्नाचं. "का?" हा प्रश्न अजून माणसाकडेच आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व? ते शोधायला आजही कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून दोष सरकतो का हे बघतात. पद्धत तीच, पार्ट नवा. मात्र नव्या गाडीत चालू इंजिनावर कॉइल किंवा वायर उपटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. शिवाय ते हजारो व्होल्ट आहेत, जुन्या गाडीतही अनुभवी हात सोबत हवाच.

मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ती गाडी आवाजावरून ओळखणारे कानही आता म्हातारे होतायत. त्यांनी ही विद्या कुठे लिहून ठेवलेली नाही. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली पोरं बहुतेक वेळा स्कॅनरवरच शिकतात, आणि कोड आला की पार्ट बदलून मोकळी होतात.

म्हणून आज एक काम सांगतो. तुमच्या गावात असा जुना मेस्त्री असेल, तर एखाद्या संध्याकाळी चहा घेऊन त्याच्याकडे बसा. परवानगी विचारा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एवढंच विचारा, "काका, मिसिंग कसं शोधायचं?"

मग मधे बोलू नका. नुसतं ऐका.