सुई आणि अक्षर: बुधवार पेठेतून दिसणारा भरतकामाचा इतिहास

भरतकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की भरतकामालाही इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत तुळशीबागेच्या आसपास गोल फ्रेम, मॅटी, दोसुती आणि रंगीत लड्या आजही मिळतात, आणि त्या घेणारं गिऱ्हाईक बहुतेक बायकांचंच असतं. पण याच पेठेच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांकडे पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. टाका शिकल्याने बाई घरात बांधली गेली की पायावर उभी राहिली, हे टाक्यावर कधीच अवलंबून नव्हतं. तो अक्षरासोबत शिकवला की अक्षराऐवजी, आणि त्याचा मोबदला कुणाच्या हाती पडला, यावर ते ठरत गेलं.

आधी हे काम किती डोक्याचं आहे, ते पाहू. इरकली लुगड्यावर आणि चंद्रकळेवर शोभणारी धारवाडकडची कसुती घ्या. तिच्यात कापडावर छापा काढत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजून नक्षी उभी करतात. तिच्यातल्या गवंती टाक्यात सुई आधी धावदोरा घालत पुढे जाते आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरत येते. गाठ मारायची नाही, आणि उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. त्यासाठी कुठून निघायचं, कुठे वळायचं आणि दोरा कुठे संपवायचा, हे पहिल्या टाक्याआधीच डोक्यात पक्कं असावं लागतं. एक धागा चुकला की गोपुराची किंवा रथाची रेघ वाकडी जाते. निरक्षर ठेवलेल्या बायकांनी ही मोजणी पिढ्यान् पिढ्या नुसत्या पाहून आत्मसात केली. त्यांच्याकडे बुद्धी नव्हती असं म्हणणाऱ्यांना त्यांच्याच अंगावरच्या लुगड्यांनी उत्तर दिलं होतं.

पण ज्ञान असूनही मान नव्हता. पेशवाईपासून नावाजलेल्या पुण्याच्या जरीच्या धंद्यात सोन्याचांदीची तार ओढणारे, ती चपटी करून रेशमावर गुंडाळणारे पुरुष कारागीर म्हणवले जात. घरातल्या बाईची कलाकुसर मात्र हौस ठरत असे. अशा काळात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८५१ मध्ये याच पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत शिवणाला ठरलेली जागा असे. फुल्यांच्या शाळांत भर होता तो वाचन, व्याकरण, गणित, इतिहास आणि भूगोल यांवर. मुलीला सुई कुणीही देईल. समाजाने तिच्यापासून रोखून धरलं होतं ते अक्षर. म्हणून आधी अक्षर, हा क्रम मला अचूक वाटतो.

तो क्रम किती मोलाचा होता, हे पुढच्या वादातून कळतं. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेच पुढे हुजूरपागा म्हणून ओळखलं गेलं. १८८७ मध्ये टिळकांच्या ‘मराठा’ वृत्तपत्राने त्याच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना इंग्रजी आणि इतर विषयांचा भार कशाला? देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे, तेही दिवसातले मोजके तास, असा त्या टीकेचा रोख होता. इथे सुई अक्षराच्या जागी आणली गेली. तेव्हा, भरतकाम शिकवणं म्हणजे मुलीला चुलीपाशी परत पाठवणं, हा आक्षेप पोकळ नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे.

तरीही तो अर्धाच खरा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना लिहिण्यावाचण्यासोबत विणकाम आणि शिवणकामही शिकवलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिक्षिकांचं आणि परिचारिकांचं शिक्षण होतं, तसेच शिवण-भरतकामाचे वर्गही होते. केशवपनाने आणि परावलंबनाने खचलेल्या विधवेला त्याच टाक्यांनी चार पैसे मिळवून दिले. हे काम ‘बायकी’ म्हणून दिलं गेलं आणि त्याला दामही कमीच मिळे, असं कुणी म्हणेल, आणि ते मान्य करावंच लागेल. पण स्वतःच्या कमाईचा पहिला रुपया माणसाचं घरातलं स्थान बदलतो. अक्षराच्या शेजारी बसलेली सुई चुलीची पहारेकरी राहत नाही, हे या संस्थांनी दाखवून दिलं.

आता आक्षेप यंत्राचा. संगणकावर चालणारं यंत्र बघता बघता अख्खी ओढणी भरून देतं. मग हाताने साखळी टाका, काजटाका, गाठीचा टाका शिकायचा कशाला? उत्पादनाच्या वेगात हात हरणार, हे उघड आहे. पण यंत्राला द्यायची नक्षी टाका जाणणाराच नीट बांधू शकतो, आणि जुन्या लुगड्याचा फाटका पदर त्याच वळणाने दुरुस्त करायला हातच लागतो. शिवाय मोजणी, धीर आणि आखणी यांचं जे शिक्षण सुईतून होतं, ते मुलग्यांना नाकारण्याचं काहीच कारण नाही.

भिडेवाड्याच्या जागी फुल्यांनी काढलेल्या मुलींच्या पहिल्या शाळेचं स्मारक व्हायचं आहे. ते होईल तेव्हा होवो. शाळांनी आणि शिवणवर्गांनी त्याची वाट पाहू नये. भरतकाम मुलामुलींना एकत्र शिकवा, गणिताच्या आणि इतिहासाच्या तासाशी जोडून शिकवा, आणि हाताने भरलेला पदर विकत घेताना त्याचा दाम घासाघीस न करता द्या.