ठासणीची बंदूक : शिकारीतील वापर
नळीच्या तोंडातून आधी काळी दारू आणि मग कापडी चिंधीत बसवलेली गोळी गजाने ठासून भरतात, ती ठासणीची बंदूक होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. नवशिक्याला नेमबाजीआधी भरण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. कारण गोळी दारूवर पक्की न टेकता मध्ये पोकळी राहिली, किंवा काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू भरली, तर नळी फुटू शकते. चाप ओढल्यावर बार किंचित उशिरा उडत असल्याने तेवढा वेळ नेम ढळू न देणे हेच यातील खरे कसब. उरलेली काजळी ओलावा शोषून नळी गंजवते, म्हणून ती वापरानंतर लगेच धुतात.