रानपिंगळ्याची चिठ्ठी

संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला आणि कोणी मिळवला, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. पक्षी कितीही दुर्मिळ असो, त्याची चिठ्ठी हरवली की तो केवळ शोभेची वस्तू होऊन बसतो. आज एखादा शाळामास्तर किंवा बँकेतला कारकून सकाळी फिरायला जाताना दिसलेले पाखरू मोबाइलवरील ॲपमध्ये नोंदवतो, तेव्हा तोही याच तीन प्रश्नांची उत्तरे देत असतो. यंत्र नवे आहे. चिठ्ठी जुनीच आहे. या चिठ्ठीवर लोकांनी किती विश्वास टाकला आणि एकदा तो विश्वास कसा फसला, याची कथा सातपुड्याच्या पायथ्याशी घडली.

हिंदुस्थानात सामान्य अधिकाऱ्यांकडून पक्ष्यांच्या नोंदी गोळा करण्याचे काम पद्धतशीरपणे प्रथम केले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून त्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु १८८५ पूर्वीची अनेक वर्षे या गृहस्थाने शेती आणि महसूल खात्याच्या दप्तरांतून वेळ काढून पक्ष्यांना वाहिली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. वनखात्यातले, पलटणीतले, मुलकी कचेऱ्यांतले अनेक हौशी लोक त्यांना नमुने आणि टिपणे धाडीत. सिमल्याच्या त्यांच्या बंगल्यात जमलेला संग्रह ८० हजारांच्या घरात गेला आणि १८८५ साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन झाला. या दानामागे एक दुःखही होते. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते एका नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. सरकारी दप्तरात आयुष्य घालवलेल्या कोणालाही या वाक्यातली वेदना समजावून सांगावी लागणार नाही. त्यानंतर ह्यूम यांचे मन पक्ष्यांवरून उडाले.

ह्यूम यांचा एक वार्ताहर ब्लेविट. त्याने १८७२ च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडमध्ये मोडणाऱ्या फुलझरच्या मुलखात एक लहान घुबड मिळवले. ते नेहमीच्या पिंगळ्यासारखेच होते. मात्र डोके जवळजवळ ठिपक्यांवाचून, पंखांवर व शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, आणि पायांवर दाट पांढरी पिसे. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन करून ब्लेविटचेच नाव त्याला दिले. मराठीत हाच रानपिंगळा. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेले जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला शहादे-तळोद्याच्या रानात तो पुन्हा भेटला. त्याने काही नमुने मिळवले. १८८४ च्या सुमारास ही साखळी तुटली. तोवर सगळ्या जगात मिळून या पक्ष्याचे सात नमुने जमले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे तो कोणाच्याही हाती लागला नाही.

याच काळात मुंबईत एक वेगळा उद्योग चालू झाला होता. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचे जर्नल निघू लागले. त्याचे एक संपादक एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे साताऱ्यास जन्मलेले आणि मीठ-जकात खात्यात नोकरीस असलेले. या जर्नलच्या शेवटी ‘संकीर्ण टिपणे’ म्हणून एक विभाग असे. त्यात कोणीही लिहावे: अमुक गावी अमुक तारखेस अमुक पक्षी दिसला, नेहमीच्या जागेपासून इतका दूर कसा आला कोण जाणे. चार ओळींची ही टिपणे म्हणजे आजच्या मोबाइलवरील नोंदींची खरी पणजी होय. विद्वानांचे मोठे निबंध कालांतराने जुने झाले. ही टिपणे मात्र आजही उपयोगी पडतात, कारण त्यांत जागा आणि तारीख असते.

आता त्या फसवणुकीकडे वळावे. कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन हे विसाव्या शतकातील एक गाजलेले सैनिक, हेर आणि पक्षिसंग्राहक. त्यांचा दबदबा असा की त्यांनी सांगितलेली गोष्ट तपासून पाहणे म्हणजे उद्धटपणाच ठरावा. त्यांचा प्रचंड संग्रह १९५४ साली ब्रिटिश म्युझियमकडे आला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर ठिकाण होते तापीकाठचे मांडवी, आजच्या गुजरातेतले, आणि साल होते १९१४. त्यामुळे रानपिंगळ्याच्या इतिहासात तीस वर्षांची भर पडली आणि शोधकांच्या नकाशावर एक नवीन ठिकाण उमटले. पुढच्या पिढीने त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून त्या बाजूसही शोध घेतला. पक्षी मिळाला नाही. तो नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

१९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माइनर्टझॅगन यांचे नमुने एकेक करून तपासावयास घेतले. प्रत्येक संग्राहकाची कातडी सोलण्याची, कापूस भरण्याची, टाके घालण्याची एक लकब असते. जशी प्रत्येक कारकुनाच्या हस्ताक्षराची असते. मांडवीच्या म्हटल्या जाणाऱ्या त्या रानपिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा वरच्या नव्या शिवणीखाली जुनी लकब दिसून आली. ती डेव्हिडसनची होती. संग्रहालयातूनच लांबवलेला खानदेशचा जुना नमुना उसवून, पुन्हा भरून, त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. आणि चोरी एवढ्यापुरतीच नव्हती. त्या संग्रहातील इतर अनेक नोंदीही अशाच बनावट निघाल्या.

खोटी चिठ्ठी काढून टाकताच खऱ्या चिठ्ठ्यांना अर्थ आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या अस्सल ठिकाणांच्या यादीनुसार निघाले. आधी पूर्वेकडची ठिकाणे धुंडाळली. तेथे निराशा झाली. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उन्हात एक रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनंतर डेव्हिडसनची चिठ्ठी खरी ठरली. आणखी एक गोष्ट तेव्हा उमगली: हा पिंगळा दिवसा वावरतो. जो पक्षी दिवसाढवळ्या शेंड्यावर बसतो तो एवढी वर्षे कोणालाच दिसला नाही असे नसावे. त्या पाड्यांवरील गुराख्यांनी तो पाहिलाही असेल. परंतु त्यांची नोंद घेणारी वही कोणाजवळ नव्हती.

ही वही सर्वांपर्यंत नेण्याचा विचार परदेशांत आधीच रुजला होता. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन जास्तीत जास्त पाखरे मारण्याच्या शर्यती लागत. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवले की त्या दिवशी पाखरे मारण्याऐवजी मोजावीत. पहिल्या वर्षी २७ माणसे बाहेर पडली. पुढे ती प्रथा एवढी वाढली की शतकभराच्या गणनेचा खजिना तयार झाला. आपल्याकडे सालिम अली यांच्या १९४१ च्या पक्षिपुस्तकाने आणि पाठोपाठ आलेल्या दुर्बिणींनी तेच घडवले. पक्षी हातात न घेता ओळखता येतो, हे सुशिक्षित मध्यमवर्गाला पटले. चिठ्ठी आता पायाला बांधण्याचे कारण उरले नाही. ती वहीत गेली.

वहीतून ती सार्वजनिक भांडारात गेली २००२ साली, जेव्हा कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने ‘ई-बर्ड’ सुरू केले. २००८ साली कॅलिफोर्नियातील तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून ‘आयनॅचरलिस्ट’ जन्माला आले. त्यात पक्ष्यांबरोबर किडे, बुरशी, गवत, गोगलगाय, सर्वांना जागा आहे. मोबाइल खिशात आल्यावर या दोहोंची ॲपे निघाली आणि चिठ्ठी भरण्याचे निम्मे काम यंत्राने उचलले. उपग्रहाच्या साहाय्याने जागा आपोआप उमटते, घड्याळ वेळ लिहिते. माणसाने सांगावयाचे ते एवढेच की काय पाहिले, आणि किती.

त्यातही एक बारीक युक्ती आहे. ई-बर्ड विचारते की दिसलेले व ओळखलेले सर्व पक्षी लिहिले आहेत काय, किती मिनिटे पाहिले, किती चाललात. उत्तर ‘होय’ असेल तर यादीत जे नाही तेही बोलू लागते. शंभर याद्यांपैकी पूर्वी चाळीसांत येणारा पक्षी आता दहांतच येत असेल, तर काहीतरी बिघडले आहे हे त्यावरून कळते. ह्यूम यांच्या काळी न मिळालेल्या पक्ष्याची चिठ्ठी कोणी लिहीत नसे.

भारतात या कामाने विशेष जोर धरला तो २०१३-१४ नंतर. केरळात २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी सारे राज्य चौकटींत विभागून पावसाळ्यात व उन्हाच्या दिवसांत पक्षी मोजले आणि राज्याचा पक्षिनकाशा तयार केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालामागे ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी होत्या. ९४२ जातींचा त्यात विचार झाला. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसले. मोर मात्र वाढतो आहे. आणि चिमणी? ती सर्वत्र नाहीशी होत आहे असा समज होता. २०२० च्या याच मालिकेतील पहिल्या अहवालाने दाखवले की मोठ्या शहरांत ती घटली असली तरी देशभरात तिची संख्या बरीचशी स्थिर आहे. लाखो फुटकळ याद्या एकत्र आल्या नसत्या तर हा वाद घराघरातल्या आठवणींवरच चालू राहिला असता.

हे सारे निर्दोष आहे असे मात्र नाही. नोंदी होतात त्या जिथे मोबाइलवाली, सवड असलेली माणसे राहतात तिथे. बंगळूर-पुण्याच्या टेकडीवरील बुलबुलाची हजार वेळा नोंद होते. गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्याचा नकाशा कोरा असतो. कोऱ्या जागेचा अर्थ तेथे पाखरे नाहीत असा होत नाही, हे अभ्यासकाला सतत स्वतःला बजावावे लागते.

आणि चिठ्ठी खरी की खोटी, हा प्रश्न उरतोच. मोठेपणावर भरवसा ठेवण्याची जुनी चाल येथे मोडली गेली, ही मोठी गोष्ट आहे. एखाद्या भागात त्या महिन्यात न आढळणारा पक्षी वा न शोभणारा आकडा कोणी लिहिला की ई-बर्ड त्याला तेथेच अडवते आणि स्थानिक परीक्षक पुरावा मागतो. मग लिहिणारा प्राध्यापक असो की नववीतला मुलगा. आयनॅचरलिस्टवर छायाचित्र किंवा आवाज जोडावा लागतो, आणि पाहणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिकांचे एकमत झाल्यावरच ती नोंद संशोधनास योग्य मानली जाते. अशी दहा माणसे १९५४ साली त्या मांडवीच्या चिठ्ठीभोवती उभी असती, तर कर्नलसाहेबांना थोडी तरी अडचण झाली असती.

रानपिंगळा पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खांडव्याच्या रानांत सापडत गेला. २०१४ साली तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात एका हौशी निरीक्षकाच्या नजरेस पडला, जेथे तो असेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून काढून त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवण्यात आले. तो अकस्मात वाढला असे नव्हे. अधिक ठिकाणी तो आढळला, हे त्यामागील मुख्य कारण.

पण त्याच्याविषयी एक नवी पंचाईत उद्भवली आहे. नेमकी जागा छापली की तिसऱ्या दिवशी छायाचित्रकारांच्या गाड्या त्या झाडाखाली येतात, ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला फसवून समोर आणले जाते, घरट्याचा माग शिकाऱ्यालाही लागतो. म्हणून आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींच्या नोंदीचे खरे स्थान लोकांपुढे मांडत नाही. सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कोठेतरी, एवढेच दाखवते. खरा आकडा ठेवलेला असतो तो भांडारात, अभ्यासकाने रीतसर मागितल्यास मिळावा अशा बेताने. ह्यूम यांनी आपल्या वार्ताहरांना ज्या स्थळाचा तपशील चुकू नये म्हणून पुनःपुन्हा बजावले असते, तेच स्थळ आज चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवावे लागते.