जुन्या शिवणयंत्राची ओळख

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांच्या माळ्यावर सोनेरी वेलबुट्टीचे एखादे काळे ‘सिंगर’ यंत्र धूळ खात पडलेले असते. ज्यांची नावे कोणत्याही सातबाऱ्यावर चढली नाहीत, अशा आज्या-पणज्यांनी त्याच्यावर संसार तोलून धरले. त्यांच्या कष्टांचा तेवढाच पुरावा मागे उरला असून तोही हल्ली भंगाराच्या तराजूत जात आहे. तत्पूर्वी त्याची खरी ओळख पटवून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आयझॅक मेरिट सिंगर ह्या अमेरिकन गृहस्थास यंत्राचे एकस्व १८५१ साली मिळाले. एरवी यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली ह्या यंत्रास अपवाद मानले होते. असो.

सरकत्या पोलादी पट्टीवर कोरलेले सन हेच यंत्राचे जन्मसाल, असे पुष्कळ जण समजतात. ते चूक होय. ती एकस्वांची साले असून पुढे कित्येक वर्षे घडविलेल्या यंत्रांवरही ती कोरली जात. खरा पुरावा म्हणजे खांबाच्या पायथ्याशी, बैठकीवर असलेला अनुक्रमांक. तो नुसत्या आकड्यांचा असल्यास असे जुने यंत्र साधारणतः १९०० पूर्वीचे. आरंभी इंग्रजी अक्षर असल्यास त्यानंतरचे. मग पणजोबांनी ते राणीच्या राज्यात आणल्याची कथा कितीही गोड असो, ती बाजूस ठेवावी लागते. ‘ई’ व त्यापुढे दुसरे अक्षर असेल, तर यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याचे. हा कारखाना १९८० मध्ये बंद पडला.

प्रकार ओळखताना वेलबुट्टीवर विसंबू नये. स्फिंक्सची एकच नक्षी निरनिराळ्या प्रकारांवर आढळते. पट्टी सरकवून आत पाहावे. होडीच्या आकाराचे शटल सरळ रेषेत धावत असेल तर ते बहुधा १२ क्रमांकाचे. लंबकासारखे झुलत असेल तर २७ किंवा त्याचे धाकटे भावंड २८. गोल बॉबिन सुईखाली आडवी बसत असल्यास बहुधा ६६ अथवा ९९, आणि डावीकडून उभी बसत असल्यास १५. आपल्याकडील बरीचशी देशी यंत्रे ह्या १५ च्याच धर्तीची आहेत.

१५, २७ व ६६ ह्यांस आजही बाजारातील साधी घरगुती सुई चालते. १२ ची सुई मात्र निराळी व दुर्मिळ. तेव्हा खणातील गंजक्या डबीत जुन्या सुया वा शटल आढळल्यास ती डबी कोणी टाकून देऊ नये.