माळवद, भूकंप आणि वास्तुविशारद

घर बांधावयाचें म्हटलें कीं सामान्य गृहस्थास प्रथम गवंडी आठवतो, मग सुतार, मग कर्ज देणारा. वास्तुविशारदाची आठवण झालीच तर ती सर्वांत शेवटीं, आणि तीही बहुधा दर्शनी भागाला कांहीं शोभा यावी म्हणून. हा मनुष्य चित्रें काढतो व त्या चित्रांचे पैसे घेतो, अशी समजूत शहरांतल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. ती किती अपुरी आहे हें पाहावयाचें असेल तर मुंबई-पुण्याच्या इमारतींपेक्षां धाराशिव जिल्ह्यांतील खेडीं पाहणें अधिक उपयोगाचें होईल. दगड, माती आणि लाकूड यांचीं घरें तेथें शतकानुशतकें बांधलीं गेलीं; एका पहांटे तीं कोसळलीं; आणि पुढील पांच वर्षांत त्यांच्या जागीं नवीं गांवें वसलीं. घराची रचना कोणीं ठरवावी, कोणाला विचारून ठरवावी आणि कशाच्या आधारावर ठरवावी, हा प्रश्न तेथें हजारों माणसांच्या जिवाशीं येऊन भिडला.

या भूमीला रचनाकार ठाऊकच नव्हते असें मुळींच नाहीं. तेर म्हणजे प्राचीन तगर; एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत त्या नगराचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देवालय, त्याची अर्धवर्तुळाकार मागील बाजू आणि वरचें गजपृष्ठाकार छत पाहिलें म्हणजे विटेचा भार कसा वळवावा हें जाणणारे लोक येथें फार पूर्वीं नांदत होते, याबद्दल शंका राहत नाहीं. त्याहून बोलका पुरावा नळदुर्गास आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला गेला, आणि तो रचणाऱ्या मीर मुहंमद इमादिन याचें नांवही त्या कामाबरोबर टिकून राहिलें. पावसाळ्यांत नदी भरली कीं नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी गर्जत खालीं कोसळतें, आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटांतल्या महालांत बसलेला मनुष्य मात्र कोरडा राहतो. पाण्यानें कोठून जावें, भारानें कोठें उतरावें आणि माणसानें कोठें बसावें, या तिन्ही गोष्टींचा विचार एकाच डोक्यांत एकाच वेळीं झाल्याशिवाय असें काम होत नाहीं. वास्तुविशारदाचा धंदा म्हणजे दुसरें कांहीं नसून हा तिहेरी विचार होय.

परंतु मीर इमादिन राजाला मिळतो, रयतेला मिळत नाहीं. रयतेचें घर गवंडी, वडार आणि सुतार यांनीं बांधलें, आणि तें माळवदाचें घर होतें. लाकडी खांब, त्यांवर तुळ्या, तुळ्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मधोमध उजेड आंत येण्यासाठीं व चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठीं साणें. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि खण हेंच घराचें माप. तीन खणांचें घर म्हटलें कीं घरधन्याची ऐपत ऐकणाऱ्याच्या ध्यानांत येई. भोंवतीं दोन-तीन फूट, कोठें चार फूटही जाडीची दगडमातीची भिंत असे. वैशाखांतल्या उन्हांत असें घर आंतून थंड राहतें, आणि ज्या काळीं दरोडेखोर हे उन्हाळ्याइतकेच नियमानें येत, त्या काळीं जाड भिंतीचा दुसराही उपयोग होता. वाड्याच्या दारांतील ढेलजेंत पाहुणा बसे, आंतल्या चौकांत बायकांचीं कामें चालत, एका बाजूस गुरें, दुसऱ्या बाजूस धान्य. या घराला राहण्याची समज होती यांत संशय नाहीं.

त्याला नव्हती ती भाराची समज. माळवद गळूं लागलें कीं पावसाळ्यापूर्वीं त्यावर मातीचा आणखी एक थर घालावयाचा, ही रूढी. बापानें थर घातला, मुलानें घातला, नातवानें घातला. खालचा कोणीं काढला नाहीं. एक घनफूट मातीचें वजन चाळीस किलोंहून अधिक भरतें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती सांठली कीं निजलेल्या माणसांच्या डोक्यावर सहा टनांहून अधिक ओझें तरंगत असतें. हा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलास करतां येईल, पण तो करणें हें कोणाचेंच काम नव्हतें. गवंड्यानें भिंत पाहिली, सुतारानें खांब पाहिला. भिंत आणि छत यांचा एकमेकांशीं संबंध काय, हें पाहणारा तिसरा मनुष्य त्या जागेवर कधीं आलाच नाहीं.

तो तिसरा मनुष्य विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत तयार होत होता. सर जे. जे. कलाशाळेंत वास्तुकलेचें शिक्षण मिळूं लागलें होतें. तेथील विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं स्थापलेल्या मंडळांतूनच पुढें भारतीय वास्तुविशारदांची संस्था उभी राहिली. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत मध्यम वर्गासाठीं स्वस्त व आरोग्यकारक घरांवर पुस्तकें लिहिलीं. १९७२ सालीं वास्तुविशारदांच्या नोंदणीचा कायदाही झाला. पण ही सगळी विद्या शहरांत राहिली. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत असलेल्या या जिल्ह्याच्या खेड्यांत घराचा नकाशा म्हणजे अंगणांत फक्कीनें ओढलेल्या चार रेघा, एवढेंच होतें. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें दक्षिणेचा खडक अचल नाहीं हें दाखवून दिलें, आणि १९७० सालीं देशाच्या भूकंपविभागांचा नकाशा बदलला. मराठवाड्याचा हा भाग मात्र सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या विभागांतच राहिला.

१९९३ च्या सप्टेंबरची २९ तारीख ही अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक घरीं परतले व दमून झोंपले. ३० तारखेस पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हादरली. किल्लारीच्या नांवानें हा भूकंप ओळखला जातो आणि किल्लारी लातूर जिल्ह्यांत आहे. परंतु १९८२ सालीं लातूर वेगळा होईपर्यंत तेंही गांव याच जिल्ह्यांतलें, जो तेव्हां उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई व ज्यास २०२३ सालीं धाराशिव हें नांव अधिकृतपणें मिळालें. तेव्हांच्या उमरगा व आतांच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूरसारखीं मोठीं गांवें जमीनदोस्त झालीं. मृतांचे आंकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. भूकंपाचें परिमाण ६.२ होतें, जगाच्या मानानें हा मध्यम प्रतीचाच म्हणावयाचा. साडेतीन महिन्यांनीं, १७ जानेवारी १९९४ रोजीं, अमेरिकेंत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज येथें याहून मोठा, ६.७ परिमाणाचा धक्का बसला. तोही पहांटेच, लोक झोंपेंत असतां. तेथें साठांच्या आसपास माणसें दगावलीं. जमिनीनें दोन्ही ठिकाणीं आपलें काम सारखेंच केलें. फरक पडला तो घरांनीं.

पडझड पाहण्यास आलेल्या तज्ज्ञांना जें आढळलें तें एखाद्या शवचिकित्सेसारखें स्पष्ट होतें. जाड भिंत ही एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडांचा पडदा, आंतून दुसरा, आणि मध्यें कपच्या व माती. दोन्ही पडद्यांना आरपार जाऊन बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच घातलेला. हादरा बसतांच पडदे एकमेकांपासून फुटले. जेथें माळवदाचा भार खांबांवर होता तेथें भिंती ढांसळूनही पुष्कळदां लाकडी सांगाडा उभा राहिला. जेथें लाकूड वाचविण्यासाठीं तुळ्या थेट भिंतींवर टेकविल्या होत्या, तेथें भिंतीबरोबर सगळी माती खालीं आली. गांवाच्या कडेला गवती छपराखालीं निजलेला मजूर वाचला आणि चार फुटी भिंतीच्या आड निजलेला त्याचा मालक गाडला गेला, अशीं उदाहरणें थोडीं नव्हतीं.

यावर उपाय कांहीं अद्भुत नव्हता. ठराविक अंतरावर आरपार दगड घालावे. जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर सबंध घराभोंवतीं सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा फिरवावा, म्हणजे चार भिंती पेटीप्रमाणें एकत्र हलतात. माळवदावरची जुनी माती काढून भार उतरवावा. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरका आधार द्यावा. काळ्या जमिनींत पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा, कारण ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत भूकंपाची वाट न पाहतांच तडकते. अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठीं भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र संहिता निघाली तें वर्षही १९९३ च होतें. ती वेळेवर निघाली कीं उशिरा, हें कोणत्या गांवचा मनुष्य विचारतो त्यावर अवलंबून आहे.

मग आले नकाशे, आणि तेही मोठ्या संख्येनें. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९९४ ते १९९८ या काळांत दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें संपूर्णपणें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबास २५० चौरस फुटांचें घर, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्या जमीनदारास ७५० असें प्रमाण ठरलें. भिंती भूकंपास टिकतील अशा झाल्या; हें श्रेय त्या रचनाकारांना दिलेंच पाहिजे. परंतु ज्या वेळीं भाराचा विचार झाला, नेमका त्याच वेळीं माणसानें कोठें बसावें हा विचार राहून गेला. सरळ रेषेंत रुंद रस्ते, काटकोनांत चौक, एका मापाचीं घरें एका ओळींत. घराचें माप जमिनीवर ठरल्यामुळें भाऊ एका टोकाला व चुलता दुसऱ्या टोकाला गेला. जुन्या गल्लींतला शेजार मोडला. ढेलज नाहीं, चौक नाहीं, गुरांना जागा नाहीं. गांवाचा विस्तार कित्येक पटींनीं वाढला, आणि म्हातारीला देवळापर्यंत जाणें हा प्रवास होऊन बसला. दोष सर्वस्वी वास्तुविशारदांचा होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. काम घाईचें होतें, आणि मेलेल्यांचीं नांवें ओठांवर असलेले लोक स्वतःच दगडाचें घर नको म्हणत होते. पण गिऱ्हाईक जें मागतें त्यापलीकडे त्याला काय लागेल हें ओळखणें, यासाठींच या धंद्याला धंदा म्हणतात.

ज्या गांवांतून घरें अंशतःच पडलीं होतीं तेथें दुसरी रीत अवलंबिली गेली. घरधन्यानें हप्त्यांनीं मिळणारें अनुदान घेऊन शासनाच्या अभियंत्यांच्या सल्ल्यानें स्वतःच दुरुस्ती करावयाची. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें येथें गांवोगांवच्या स्त्रियांना संवाद-सहायक म्हणून उभें केलें. सिमेंट किती आलें, पट्टा फिरला कीं नाहीं, पुढचा हप्ता कां अडला, हे प्रश्न चुलीशीं बसणाऱ्या बायका अभियंत्यास विचारूं लागल्या. तरीही पुष्कळांनीं जुनें घर बळकट करण्याऐवजीं त्या पैशांत शेजारीं काँक्रीटची एक खोली बांधली व निजण्यापुरती ती वापरली.

२६ जानेवारी २००१ च्या गुजरातेंतील भूकंपानंतर बहुसंख्य लोकांनीं स्थलांतर नाकारून आपल्याच जागेवर आपणच बांधण्याचा मार्ग पत्करला. किल्लारीचा अनुभव त्या वेळीं सर्वांसमोर होता. त्याच धक्क्यांत अहमदाबादेंत अनेक मजल्यांच्या इमारती खालीं बसल्या, कारण गाड्यांसाठीं तळमजला मोकळा ठेवतांना वरचा भार कोणत्या वाटेनें उतरेल हें नीट पाहिलें गेलें नव्हतें. राहत्या घराची पुढची भिंत काढून तेथें दुकानाचा गाळा करणाऱ्या शहरी घरमालकानें हें ध्यानांत ठेवावयास हवें. ती भिंत केवळ आडोसा आहे कीं भार वाहणारी आहे, हें गवंड्यास विचारून भागत नाहीं.

पुढें २००२ सालीं किल्लारी-सास्तूरचा भाग भूकंपाच्या तिसऱ्या विभागांत घालण्यांत आला. नव्या गांवांतील लोकांनीं तोंपर्यंत आपापल्या घरांत फेरफार करण्यास आरंभ केला होता. कोणीं पुढें पत्र्याची पडवी काढली, कोणीं गुरांसाठीं गोठा घातला, कोणीं अंगणाभोंवतीं भिंत घालून हरवलेला चौक परत मिळविला. त्यासाठीं दगड विकत आणण्याची गरज नव्हती. जुन्या गांवठाणांत ढीग पडलेलेच होते. तेथून आणलेल्या दगडांच्या कित्येक भिंती मातींतच रचल्या गेल्या, दोन पडद्यांच्या, आणि आरपार दगडावांचून.