दिवाणखान्यांतला समुद्र आणि त्याची किंमत

पोवळें म्हटलें कीं मंगळाची अंगठी आणि नवरत्नांचा हार या दोन वस्तू आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु अंगठींतलें पोवळें म्हणजे समुद्रांतील एका जीवसमूहाचा घासून गुळगुळीत केलेला सांगाडा होय. त्या जीवाचे असंख्य भाऊबंद समुद्रांत जिवंत असतात, फुलांप्रमाणें पाकळ्या उघडतात व मिटतात, आणि हें दृश्य काचेच्या पेटींत आपल्या घरीं नित्य पाहावें अशी हौस आज जगभर अनेकांस आहे. हौसेच्या पाठोपाठ ‘प्रवाळ स्वस्तांत कसें मिळेल?’ हा प्रश्न येतो. प्रश्न दिसावयास बाजारी आहे खरा. पण त्याचा इतिहास पाहूं लागलें असतां तो निव्वळ बाजारी नाहीं, असें आम्हांस वाटूं लागतें.

या इतिहासाचा आरंभ एका गृहिणीपासून होतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील एक धर्माधिकारी लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी ॲना थिन या १८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं गेल्या होत्या. तेथील खडकांवर एकेकटें वाढणारें एक लहानसें कठीण प्रवाळ त्यांच्या पाहण्यांत आलें आणि तें जिवंतपणीं लंडनला न्यावें असें त्यांनीं ठरविलें. दगडी बरणींत समुद्राचें पाणी भरून, प्रवाळें सुईदोऱ्यानें स्पंजाला टांचून, त्यांनीं तीं घरीं आणलीं. तथापि समुद्र तर दूर राहिलेला. तेव्हां पाणी सडूं नये म्हणून तें उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत राहण्याचें काम घरांतील एका मोलकरणीकडे आलें. पाण्यांत हवा मिसळावी, एवढाच या खटाटोपाचा हेतु. पुढें १८४७ सालीं बाईंनीं त्यांत सागरी वनस्पति सोडल्या आणि मोलकरणीचे श्रम बरेच हलके झाले. हीं प्रवाळें लंडनमध्यें केवळ जगलींच नाहींत, तर वाढलीं, आणि त्यांची संख्यावृद्धि कशी झाली याचें टिपण बाईंनीं १८५९ सालीं प्रसिद्ध केलें. या टिपणाकडे आपणांस शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

थिनबाईंची हौस थोरामोठ्यांच्या घरची होती. ती सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आणणारीं कारणें मात्र निराळीं. काचेवरील कर १८४५ सालीं उठला होता. आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोंचत होती. आणि वनस्पति व प्राणी योग्य प्रमाणांत एकत्र ठेविल्यास पाणी शुद्ध राहतें, हें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखविलें होतें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जलचरांचें दालन उघडलें, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें या विषयावरील आपला लोकप्रिय ग्रंथ प्रसिद्ध केला. क्षार विरघळवून घरच्याघरीं समुद्राचें पाणी तयार करण्याची कृतिही त्यानें सांगितली. मग काय विचारतां! लंडनमध्यें विल्यम अल्फर्ड लॉईड नांवाच्या व्यापाऱ्यानें पेट्या, पाणी आणि जिवंत सागरी प्राणी यांचें दुकानच मांडलें. दिवाणखान्यांत समुद्र असणें हें सुसंस्कृतपणाचें लक्षण ठरलें.

वस्तु स्वस्त झाली. परंतु तिची किंमत कोणी दिली? ती किनाऱ्यानें दिली. गॉसच्या पुस्तकांनीं मोहित झालेले लोक टोपल्या व छिन्न्या घेऊन डेव्हनच्या खडकांवर उतरले, आणि ज्या डबक्यांतील सौंदर्याचीं त्यानें एवढ्या प्रेमानें वर्णनें केलीं होतीं, तीं डबकीं ओस पडलीं. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत त्याच्या मुलानें, एडमंड गॉस यानें, ही हकीकत सांगितली आहे, आणि या नाशाला आपलीच लोकप्रियता कारण झाली याचें बापाला किती दुःख झालें हेंही नमूद केलें आहे. सृष्टीवर प्रेम करावयास शिकविणाऱ्या माणसाच्या हातून असें घडावें, हा प्रसंग आम्हांस फार करुण वाटतो.

थिनबाईंचें प्रवाळ थंड समुद्रांतलें होतें. उष्ण समुद्रांतील, मोठमोठे खडक रचणाऱ्या प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या देहांत सूक्ष्म शैवलें राहतात, तीं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसतात. म्हणून त्या प्रवाळांस प्रखर प्रकाश व अत्यंत निर्मळ पाणी पाहिजे. हें घरीं साधण्यास विसावें शतक बरेंच उलटावें लागलें. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं जिवंत खडक, प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यांवर चालणारी आपली पद्धत १९६१ सालीं प्रसिद्ध केली. पुढें जर्मन हौशी मंडळींनीं तींत तीव्र दिव्यांची व पाण्यांतील मळ फेंसाबरोबर काढून टाकणाऱ्या यंत्राची भर घातली. परंतु साधन हातीं येतांच डेव्हनचीच कथा मोठ्या प्रमाणावर घडूं लागली. समुद्रांतून तोडलेलीं प्रवाळें विमानानें देशोदेशीं जाऊं लागलीं. अखेर वन्य जीवांच्या व्यापारावरील १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारानें १९८५ व १९९० सालीं कठीण प्रवाळांस आपल्या नियंत्रणाखालीं घेतलें. आपल्या देशांतही २००१ सालीं त्यांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. मालवणास सिंधुदुर्गाच्या भोंवतीं पाण्याखालीं जें प्रवाळ आहे, त्याचा तुकडा हौसेखातर काढून आणणें हा गुन्हा आहे, हें सहलीस जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं विसरूं नये.

मग हौशी मनुष्यानें करावें तरी काय? ज्या देशांत हा व्यवहार कायदेशीर आहे, तेथें या प्रश्नाला एक समाधानकारक उत्तर मिळालें आहे, आणि त्याचें बीज थिनबाईंच्या टिपणांतच होतें. प्रवाळ स्वतःपासून दुसरें प्रवाळ निर्माण करूं शकतें. खडक रचणाऱ्या प्रवाळांचा समूह हा पुष्कळ सारख्या जीवांचा बनलेला असल्यामुळें, फांदीपासून जास्वंद लावावी त्याप्रमाणें त्याचा छोटासा तुकडा कापून, दगडाच्या चकतीवर चिकटवून, नवा समूह वाढवितां येतो. असे तुकडे हौशी लोक आपसांत देतात, बदलून घेतात, किंवा अल्प मोलानें विकतात. मोठ्या समूहाच्या मानानें तुकडा पुष्कळ स्वस्त पडतो. तो पेटींतच वाढलेला असल्यानें पेटींतील जिण्याला सरावलेला असतो. आणि त्याच्यासाठीं समुद्रांतील एकही फांदी मोडावी लागत नाहीं. मात्र येथेंही उतावीळपणा महाग पडतो. पेटी नवी असतां नाजूक फांद्यांचीं प्रवाळें आणणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणेंच होय. प्रथम कांहीं महिने पाणी स्थिरावूं द्यावें, मग मऊ देहाचीं काटक प्रवाळें लावावीं, आणि तीं तगलीं तरच पुढें जावें. मरणारें प्रवाळ कितीही कमी दरानें घेतलें तरी महागच.

स्वस्ताईचे आम्हांस वावडें नाहीं; मध्यम स्थितींतील माणसाला तिच्यावांचून कोणतीच हौस भागवितां येत नाहीं. परंतु कोणतीही वस्तु स्वस्त मिळाली कीं तिची उरलेली किंमत कोण देत आहे, एवढें विचारण्याची संवय असावी. खिडकीपाशीं पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीनें ती श्रमांनीं दिली, डेव्हनच्या किनाऱ्यानें आपल्या शोभेनें दिली. शेजाऱ्याच्या पेटींतून मागून आणलेल्या बोटभर तुकड्याची बाकी मात्र कोणाच्याच नांवावर राहत नाहीं; ती फेडावयाची झालीच, तर तो वाढल्यावर त्यांतला एक तुकडा दुसऱ्या कोणास द्यावा म्हणजे झालें.